घरी रंगवायच्या रेस कारला फिनिश कुठली घ्यायची: ग्लॉस, सॅटिन, मॅट का सरळ ऑइल पेंट

परवा रात्री जुळे सोलापुरातला एक ओळखीचा पोरगा आला. जुनी मारुती एस्टीम घेतलीय त्यानं, आतलं सगळं काढून टाकलंय, केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा) बसवून झालाय, आता ऑटोक्रॉसला (मैदानात कोन मांडून घड्याळावर पळवायची शर्यत) उतरायचंय. म्हणाला दादा रंग घरीच मारणार, मॅट ब्लॅक. म्हटलं बे, एसी काढलास ना? हो म्हणाला. मग एप्रिलात ४२ डिग्रीला काळ्या पत्र्याखाली रेसिंग सूट घालून, हेल्मेट चढवून लाइनीत अर्धा तास कोण बसणार, तू का मी? पोरगं गप्पच झालं.

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण दर दोन महिन्यांनी कुणीतरी हेच विचारतं आणि प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसतो.

फिनिश निवडताना लोक फोटो बघून निवडतात, चूक तिथंच होते. ही गाडी पोळ्याच्या दिवशी सजवायचा बैल नाही, रोज औताला जुंपायचा बैल आहे. तिला खडी लागणार, कोन घासणार, कुणीतरी दार चेपणार, पेट्रोल सांडणार, ब्रेक ऑइल सांडणार. म्हणून स्वतःला एकच विचारा, शनिवारी चेपलेला दरवाजा पुढच्या रविवारी मला एकट्याला, घरच्या कंप्रेसरवर, बघणाऱ्याला कळणार नाही असा परत रंगवता येईल का? ज्या फिनिशला उत्तर हो आहे ती तुमची फिनिश, बाकी सगळी हौस.

आधी डब्यात काय आहे ते

ग्लॉस (चकचकीत) का मॅट (बिनचमकीचा) हे नंतर, आधी रंगाची जात ठरवा. दुकानात ढोबळमानानं तीन जाती मिळतात.

पहिला ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. टेम्पो, ट्रॉली, लोखंडी गेट सगळं यानंच रंगतं. स्वस्त आहे, ब्रशनं रोलरनं कशानंही लागतो. पण हा हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू वाळतो, वरून हाताला वाळलेला लागतो आणि आत आठवडाभर मऊ असतो.

याचा माझा अनुभव ऐका. पहिली गाडी होती मारुती आठशे, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत बॉनेटला लाल ऑइल पेंट मारला, तोही जाड, एका कोटात काम उरकायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लावून बघितलं तर वाळलेला. आम्ही सगळे गड्ड्यावर गेलो, आणि मागं काकांनी धूळ बसू नये म्हणून मायेनं बॉनेटवर जाड चादर टाकली, आपली सोलापुरी. सकाळी चादर उचलली तर बॉनेटवर चादरीची अख्खी वीण उमटलेली, काठाच्या नक्षीसकट! त्यावर्षी गाडी तशीच पळवली आणि ज्याला त्याला वाटायचं मुद्दाम केलंय.

दुसरा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, जुनी माणसं याला ड्युको म्हणतात. यात थिनर उडून गेला की रंग वाळला, अर्ध्या तासात हात लावा. चुकलं तर घासा आणि परत मारा, शिकायला याच्यासारखा गुरू नाही. तोटा असा की थिनरनं पातळ झालेला रंग वाळल्यावरही थिनरनं विरघळतोच आणि पेट्रोलपुढंही टिकत नाही, टाकीच्या झाकणाखाली चार वेळा पेट्रोल सांडलं की तिथला रंग मऊ पडून पुसला जातो. चमक आणायला पॉलिश करावी लागते आणि आपल्याकडच्या उन्हात ती फार टिकत नाही. पावसाळ्यात मारला तर हवेतली ओल रंगात अडकून पांढरट झाक येते.

तिसरा टू-के पीयू (पॉलीयुरेथेन), म्हणजे रंग आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यात, मारायच्या आधी मिसळायचे. हा नुसता वाळत नाही, आत रासायनिक क्रिया होऊन पक्का होतो, म्हणून नंतर पेट्रोल थिनर यांना दाद देत नाही. ब्रेक ऑइल मात्र यालाही सोडत नाही, सांडलं की लगेच पाणी मारा. यातही दोन प्रकार. एक सिंगल स्टेज, रंगातच चमक असते, दोन-तीन कोट मारले की काम संपलं. दुसरा बेस आणि वर क्लिअर, म्हणजे आधी चमक नसलेला रंग, वर पारदर्शक लॅकर. मेटॅलिक आणि पर्लला बेस-क्लिअरशिवाय चांगला मार्ग नाही.

माझं मत विचाराल तर रेसच्या गाडीला सिंगल स्टेज पीयू, साधा सॉलिड रंग, ग्लॉस. थर कमी, मटेरियल कमी, दुरुस्तीला एकच डबा. खडीनं क्लिअर उडून पापुद्रे निघायची भानगड नाही.

पण थांबा, एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे गननं उडवलं की त्याचा धूर फुप्फुसात जातो आणि एकदा का शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढं नुसत्या वासानंही दम्याचा अटॅक येऊ शकतो, तोही आयुष्यभरासाठी. वास आला नाही म्हणजे हवा साफ आहे असंही नसतं. तोंडाला रुमाल, कापडी मास्क यांचा उपयोग शून्य. साध्या फिल्टरच्या मास्कवरही भरवसा ठेवायचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा हूड पाहिजे, आणि ती हवा रंगाच्या तेलकट कंप्रेसरमधून ओढलेली नको. हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा. शेजारच्या खिडकीत आजी बसलेल्या असतील तर मारूच नका. मी ओळखीच्याकडून हूड आणतो. हूड मिळत नसेल तर घासाई, पुट्टी, प्रायमर हे सगळं घरी करा आणि शेवटचा रंग पेंट बूथवाल्याकडून मारून घ्या, घासलेली गाडी दिली की मजुरीही कमी लागते. प्रायमर टू-केचा असेल तर त्यालाही हाच नियम. नाहीतर मग ऑइल पेंट रोलरनं, त्याचं पुढं सांगतो.

जुन्या रंगावर काय चालतं

नवा रंग जुन्यावर बसतोय का हे आधी बघायचं. दाराच्या आतल्या कडेला कापसाच्या बोळ्यानं एनसी थिनर लावून घासा. बोळ्याला रंग आला तर खाली एनसी किंवा तसलाच कच्चा रंग आहे, सुरकुत्या पडल्या तर ऑइल पेंट, आणि काहीच झालं नाही तर कंपनीचा भाजलेला रंग किंवा चांगला पिकलेला टू-के. तिसऱ्या केसमध्ये नशीबवान आहात, नीट घासून त्यावर रंग मारा. ऑइल पेंट निघाला तर त्यावर टू-के मारायचा मोह आवरा, नव्याचा थिनर खालच्याला उचलतो आणि दार भाजलेल्या पापडासारखं फुगतं. खरवडून पत्रा उघडा करायचा आणि इपॉक्सी प्रायमर मारायचा, दुसरा उपाय नाही. एनसीवरही मी तेच करतो.

खरवडल्याचा एक फायदा म्हणजे वजन. रेसिंगमध्ये रंगाचं वजन लोक खरंच मोजतात. १९३४ साली ७५० किलोच्या मर्यादेत बसायला मर्सिडीजवाल्यांनी रातोरात पांढरा रंग खरवडला आणि चंदेरी पत्रा उघडा पडला अशी गोष्ट सांगतात, ती खरी का रचलेली यावर अजून वाद आहेत. पण २०२२ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर जागोजागी रंगच नाही, उघडा कार्बन दिसतो, तो वजनासाठीच. आपण मात्र तीन वेळा रंगवलेल्या गाडीवर चौथा थर चढवतो आणि खाली बोटभर पुट्टी ठेवून हलक्या रिमा शोधत बसतो.

मॅटचं खूळ

मॅट दिसतो भारी, मान्य. फॉर्म्युला वनमध्ये रेड बुलनं २०१६ ला मॅट आणला, फेरारीनं २०१९ ला, आणि तेव्हापासून प्रत्येक पोराला मॅटच पाहिजे. पण त्यांच्याकडं पुढच्या रेसला अख्खं नवं पॅनेल तयार असतं, आपल्याकडं आपणच.

मॅट का मॅट दिसतो हे समजलं की निम्मा मोह जातो. त्या रंगात बारीक भुकटी असते, ती वरचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत ठेवते, उजेड सगळीकडं विखुरतो म्हणून चमक येत नाही. आता यावर ओरखडा गेला, आणि तुम्ही कंपाउंडनं (पॉलिश करायच्या पेस्टनं) घासायला गेलात, की तो खडबडीतपणा गुळगुळीत होतो आणि मधोमध चकचकीत डाग पडतो. म्हणजे पॉलिश बंद. ओघळ आला तर घासून काढता येत नाही, अख्खं पॅनेल परत मारायचं. टायरचा काळा रबर घासला, पक्ष्यानं शिटलं, तेलाचा हात लागला, सगळं त्यात शिरून बसतं. मारतानाही गनचा वेग थोडा हलला की कुठं जास्त चमक कुठं कमी, असे पट्टे उन्हात उठून दिसतात. घरी पहिल्यांदा गन धरणाऱ्यानं मॅट निवडणं म्हणजे पोहायला शिकायला थेट उजनी धरणाच्या मधोमध उडी.

मॅटच्या बाजूनं एकच मुद्दा खरा आहे, पत्र्याची लाट (उंचसखलपणा) त्यात कमी दिसते, कारण प्रतिबिंबच नसतं. पण ते काम पांढरा रंगही करतो. गडद ग्लॉस सगळ्यात चुगलखोर, काळ्या ग्लॉसमध्ये पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो, अगदी ट्यूबलाइट वाकडी होऊन दिसते.

मॅट जिथं पाहिजेच ती जागा वेगळी. काचेसमोरचा बॉनेटचा भाग आणि डॅशबोर्डचा वरचा भाग मॅट काळा करा. दुपारी समोरून ऊन आलं की चकचकीत बॉनेटची तिरीप थेट डोळ्यात येते. १९७० च्या दशकातल्या रॅलीच्या गाड्यांचे फोटो बघा, कित्येकांची बॉनेट काळी मॅट दिसेल, ती याच कारणानं. फक्त बॉनेट आहे, खराब झालं की तेवढंच परत मारायचं.

सॅटिन म्हणजे दोन्हीच्या मधलं. दुरुस्तीचं दुखणं मॅटचंच, जरा सौम्य. बाहेरून नको, आत केबिनला झकास.

मेटॅलिकचं एका वाक्यात सांगतो, त्यातली अॅल्युमिनियमची चंदेरी कणी कुठल्या कोनात बसते यावर रंगाची छटा ठरते, आणि ती गनचं प्रेशर, अंतर, थिनर सगळ्यानं बदलते, म्हणून त्याच डब्यातल्या रंगानं रंगवलेलं दारसुद्धा शेजारच्या फेंडरशी (चाकावरच्या पत्र्याशी) जुळत नाही आणि जुळवायला फेंडरवरही रंग ओढत न्यावा लागतो. पर्ल आणि कँडी याच्याही वर. विसरून जा.

रोलरवाला मार्ग

ज्याच्याकडं कंप्रेसर नाही, हूड नाही, आणि गाडी मातीतल्या ऑटोक्रॉसचीच आहे, त्यानं ऑइल पेंटची लाज बाळगू नये. फोमचा बारीक रोलर घ्या, रंग टर्पेंटाइननं दुधाच्या आसपास पातळ करा, आणि पातळ पातळ कोट मारा. पहिल्या दोन कोटात खालचं सगळं दिसेल, घाबरू नका. दर कोटाला निदान एक रात्र, दोन कोट झाले की ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) हलकं घासायचं, असे पाच-सहा कोट. वेळ खातो पण धूर नाही, मास्किंग कमी, आणि गेटसमोर बसून गप्पा मारत मारत काम होतं. आणि चादर लांब ठेवा.

सोलापूरच्या हवेचं

पुस्तकात २० ते २५ डिग्री लिहिलेलं असतं. आपल्याकडं ते नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत मिळतं, म्हणजे हुरड्याचा सीझन तोच रंगाचा सीझन. सकाळी दव उडू द्या, दहाच्या पुढं पत्रा कोमट झाला की सुरू करा आणि ऊन कलायच्या आत शेवटचा कोट संपवा.

एप्रिल-मेमध्ये मारायचाच असेल तर पहाटे. दुपारी पत्र्याला हात लागत नाही, गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच अर्धा वाळतो आणि रंग सँडपेपरसारखा खरखरीत बसतो. स्लो थिनर आणि स्लो हार्डनर मागून घ्या, आणि मिक्स थोडं थोडं करा कारण उन्हाळ्यात मिसळलेला टू-के डब्यातच लवकर घट्ट होतो. मेमध्ये वळवाच्या आधी जी वावटळ उठते तिनं माझं एक अख्खं छत पुरणपोळीवर रवा पसरल्यासारखं केलं होतं, म्हणून आकाश बघून काम काढा.

पाण्याचं गणित वेगळंच. वॉटर पेपरची घासाई नळाला पाणी येतं त्या दिवशी उरकायची, आणि बोअरच्या पाण्यानं घासलं तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारून लगेच पुसायचं. बोअरचे क्षार पत्र्यावर वाळले आणि तसाच रंग मारला तर काही महिन्यांनी बारीक फोड येतात. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा, एनसी सोडून बाकी सगळ्याला चालतं.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या शेजारी यंत्रमाग आहेत त्यांनी चालू मागाच्या वेळी गन हातात धरू नये, हवेत रुई तरंगत असते आणि ओला रंग ती बरोबर पकडतो. आणि आपल्या गावचा टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी कोऱ्या टॉवेलानं पत्रा पुसू नका, धागे सुटतात. टॅक क्लॉथ म्हणून चिकट जाळीचं कापड मिळतं, ते वापरा.

तेलाचं तर बघूच नका. एकदा पाच इंच व्यासात रंग असा फाकला, की मधोमध खळगे, याला फिश आय म्हणतात. शोधून शोधून कळलं की मदतीला आलेला भाचा डोक्याला खोबरेल लावून आला होता आणि घाम पुसलेला हात त्यानं दाराला टेकवला होता. तेव्हापासून वॅक्स रिमूव्हरनं पुसल्यावर पत्र्याला कुणी शिवायचं नाही, आणि डॅशबोर्डला चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे त्या आठवड्यात घरातच आणायचे नाहीत.

गन धरताना

पुट्टी ८० नंबरच्या पेपरनं उतरवून १८०, मग ३२०. प्रायमर सरफेसर (बारीक खाचा भरणारा प्रायमर) मारून ६०० च्या वॉटर पेपरनं घासा. सॉलिड रंगाला एवढं पुरतं. गनचं नोझल रंगाला १.३ किंवा १.४ मिलिमीटर, सरफेसरला १.८. गन पत्र्यापासून वीतभरापेक्षा थोडी जवळ, मनगट न वळवता अख्खा हात सरळ न्यायचा आणि प्रत्येक फेरी आधीच्या निम्म्यावर. पहिला कोट हलका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दोन ओले कोट. ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका, लई जणांचा हात शिवशिवतो. पक्का झाला की १५०० नं घासून कंपाउंड मारा, गेला. ग्लॉस निवडायचं खरं कारण हेच आहे, चूक नंतर काढता येते. रंग आणि हार्डनरचं प्रमाण चारास एक का दोनास एक ते डब्यावर बघा, अंदाजानं हार्डनर ओतू नका. एक हॉर्सपॉवरचा छोट्या टाकीचा कंप्रेसर दारापुरता ठीक, छत मारताना मधेच दम टाकतो. लाइट जायची वेळ माहीत असेल तर ती टाळा.

रंग कुठला, नंबर कसा

पांढरा. कंटाळवाणा वाटतो पण आत उकडतं कमी, लाट लपते, तीन कोटात झाकतो, आणि कुठल्याही गावात सापडतो. पिवळा आणि लाल झाकायला चेंगट, खाली पांढरा किंवा फिका प्रायमर असेल तरच लवकर भरतात. केबिन आणि केज फिक्या राखाडी रंगात ठेवा, वेल्डिंगला चीर गेली किंवा तेल गळलं तर लगेच दिसतं. केजवर जाड थर नको, तपासणारा जोडच बघतो. पॉलीकार्बोनेटच्या काचा आणि हेल्मेट यांना थिनरचा थेंबही लागू देऊ नका, आतून बारीक तडे जातात.

गाडी अजून रस्त्यावर पळणार असेल, एमएच-१३ ची पाटी असेल, तर आरसीवर रंग लिहिलेला असतो. रंग बदलायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नको.

स्टिकर ग्लॉसवर धरतो, मॅटवर कडा सुटतात. ताज्या रंगावर लावू नका, आतला थिनर बाहेर पडत असतो आणि स्टिकरखाली फुगे येतात. निदान आठवडा थांबा, जमलं तर तीन-चार. माझ्या गाडीचा नंबर मी पेंटरकडून ब्रशनं लिहून घेतो, पांढऱ्यावर काळा. दार बदललं की तो पंधरा मिनिटांत परत लिहून देतो, चहावर.

उरलेला रंग हार्डनर न घालता छोट्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावून डबा उलटा ठेवा, आणि त्यावर रंगाचा कोड, थिनर कुठला आणि किती कोट मारले ते मार्करनं लिहा. त्या पोरानं शेवटी पांढरा घेतलाय. बॉनेट मात्र मॅट काळं पाहिजेच म्हणाला, म्हटलं कर.